डाग न पडणाऱ्या स्टीलवर डाग पाडणारी माणसं

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. ज्यांच्या गावात दूध संस्था आहे, पाणी योजना आहे, किंवा जे कुठल्याही खरेदी समितीवर बसतात, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

गेल्या वर्षी आपल्याच भागातल्या एका दूध संस्थेतून मला फोन आला. दुधाची स्टेनलेस स्टीलची टाकी तळाशी पाझरत होती. टाकी घेऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. दोनदा वेल्डिंग करून घेतलं, तरी जोडाच्या शेजारून पुन्हा थेंब थेंब सुरूच. पुरवठादाराचं म्हणणं एकच, "तुमचा माणूस ब्लीचिंग पावडरनं टाकी धुतो. क्लोरीननं स्टील खाल्लं. आमची जबाबदारी नाही." त्याच्याकडे मिलचं सर्टिफिकेट होतं, त्यावर ३०४एल असा ग्रेड छापलेला होता, शिक्का होता. संस्थेनं ठराव केला की टाकी धुणाऱ्या माणसाच्या पगारातून दुरुस्तीचा खर्च वसूल करायचा. दोन महिने पैसे कापूनही झाले होते.

मी अठ्ठावीस वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये मेटॅलोग्राफी केली. म्हणजे धातूचा तुकडा घासायचा, आरशासारखा पॉलिश करायचा, त्यावर ॲसिड लावायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. या ॲसिड लावण्याला आम्ही एचिंग म्हणतो. आता निवृत्त आहे, पण असे फोन येतात. गेलो. टाकीजवळ तो माणूस उभा होता, पन्नाशीचा, हातात अजून ब्रश. मला म्हणाला, "साहेब, मी पावडर कधीमधी वापरली हे खरं. पण पावडरीनं फक्त जोडाच्या कडेलाच भोक कसं पडंल? मी तर सगळीच टाकी धुतो की."

प्रश्न अगदी बरोबर होता. आणि त्याचं उत्तर शोधायला माणसांना शंभराहून जास्त वर्षं लागली आहेत. टाकीचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ती गोष्ट ऐका.

पॉलिश केलेला धातू मायक्रोस्कोपखाली बघितला तर जवळपास काहीच दिसत नाही. नुसता पांढरा उजेड, मध्ये एखादा काळा ठिपका. पण धातू आतून एकसंध नसतो. तो बारीक बारीक कणांचा बनलेला असतो, आणि दोन कण जिथे भेटतात तिथे अणू जरा अस्ताव्यस्त बसलेले असतात. योग्य ॲसिड लावलं की ते या सीमा आधी खातं. तिथे बारीकसा चर पडतो, चरावर पडलेला उजेड सरळ परत येत नाही, आणि आपल्याला काळी रेघ दिसते. डोंगरावरून खाली बघताना शेतांचे बांध दिसावेत, तसे कण दिसू लागतात. पत्रा कसा तापवला, कसा गार केला, कुठे वेल्डिंगचा ताव लागला, हे सगळं त्या बांधांवरून वाचता येतं.

ही युक्ती सुरुवातीला कुठल्या कारखान्यात सापडली नाही. ती सापडली आकाशातून पडलेल्या लोखंडावर. १८०४ मध्ये नेपल्सला राहणाऱ्या विल्यम थॉमसन नावाच्या इंग्रजानं एका उल्केच्या तुकड्याला नायट्रिक ॲसिड लावलं, हेतू गंज काढायचा. निघाली नक्षी. एकमेकींना छेदणाऱ्या सरळ पट्ट्या. चार वर्षांनी, १८०८ मध्ये, व्हिएन्नात आलोइस फॉन विडमनस्टेटन यांना तशीच नक्षी स्वतंत्रपणे दिसली. त्यांनी पुढे ॲसिडनं कोरलेल्या उल्केवर छपाईची शाई लावून थेट कागदावर ठसे काढले. आपण बटाट्याचे ठसे काढतो ना, तसे. त्या नक्षीला आजही त्यांचंच नाव आहे. हे लोखंड अवकाशात लाखो वर्षं अतिशय हळू गार होत गेलं, म्हणून त्या पट्ट्या नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या झाल्या. आपल्या कारखान्यातलं लोखंड काही तासांत गार होतं, त्यामुळे त्याची रचना बघायला मायक्रोस्कोप लागतो.

पण हे युरोपातच सुरू झालं असं समजू नका. आपल्याकडचे आणि इराणकडचे शस्त्रकार त्याच्या कितीतरी आधीपासून फौलादी तलवारीचं पातं घासून झालं की त्यावर आंबट, खनिजयुक्त द्रव फिरवत होते. त्यानं पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटायची. ती नक्षी वरून काढलेली नसायची, पोलादाच्या आतलीच असायची. घेणारा ती बघून पात्याची पारख करायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर ते एचिंगच, आणि तेच त्या पात्याचं टेस्ट सर्टिफिकेट.

हे पोलाद दक्षिण भारतात मुशीत तयार व्हायचं. इंग्रजांनी त्याला वूट्झ म्हटलं. यात आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. मुंबईत राहणाऱ्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये या पोलादाचे नमुने लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला, आणि नमुने मुंबईहून आले म्हणून निबंधाच्या नावात हे पोलाद मुंबईत बनलेलं आहे असंच लिहून टाकलं. त्या नमुन्यांवर काम केलेला लंडनचा कारागीर जेम्स स्टोडार्ट आणि तरुण मायकल फॅरडे, हो, तोच विजेचा फॅरडे, यांनी नंतर १८१९ पासून वूट्झसारखं पोलाद आपल्याला करता येतं का, याचे प्रयोग मांडले. त्यात त्यांनी पोलादात वेगवेगळे धातू मिसळून बघितले. त्यातला एक होता क्रोमियम.

म्हणजे स्टेनलेसचा मुख्य घटक इंग्लंडच्या प्रयोगशाळेतल्या पोलादात गेला, त्यामागे आपल्याकडच्या पोलादाची भूल होती. १८२१ मध्ये फ्रान्सच्या पिएर बर्थिए यांनी तर लिहूनही ठेवलं की क्रोमियम मिसळलेलं लोखंड ॲसिडला बरंच टिकतं. पण त्यांच्या मिश्रणात कार्बन फार होता, ते ठिसूळ व्हायचं. गोष्ट तिथेच थांबली.

आता इंग्लंडमधल्या शेफिल्डला चला. चाकू, कात्र्या, करवती यांचं गाव. तिथे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी नावाचा गृहस्थ होता. घरचं बरं होतं, नोकरीची गरज नव्हती. तो दगडांचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघायचा. १८६३ मध्ये त्यानं तीच नजर लोखंडाकडे वळवली. त्याआधी लोक पोलादाची परीक्षा कशी करायचे? कांडी मोडायची आणि मोडलेला भाग बघायचा. सॉर्बीनं मोडणं सोडून दिलं. त्यानं तुकडा अतिशय हळुवार घासला, कारण रगडून घासलं तर वरचा थर चोळामोळा होतो आणि खरी रचना त्याखाली झाकली जाते. मग एकदम पातळ केलेलं नायट्रिक ॲसिड. आणि पहिल्यांदाच पोलादाची आतली घडण माणसाच्या डोळ्यापुढे आली. १८६४ मध्ये त्यानं त्याचे फोटो शास्त्रज्ञांच्या सभेत मांडले.

पुढची पंधरा-वीस वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. म्हातारपणी सॉर्बीनं एक आठवण लिहून ठेवली आहे. त्याचा मतितार्थ असा, की त्या काळी रेल्वेचा अपघात झाल्यावर मी जर सुचवलं असतं, की रूळ उचला आणि मायक्रोस्कोपखाली तपासा, तर लोकांनी मला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं असतं. आणि आता, तो म्हणतो, नेमकं तेच करतात. मंडळी, माझ्या अख्ख्या धंद्याचा पाया या एका वाक्यात आहे. अपघात झाला की माणसाला धरायचं की धातूला विचारायचं, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीचा आहे.

नंतर जर्मनीत आडोल्फ मार्टेन्स, फ्रान्समध्ये फ्लोरिस ऑसमाँ यांनी हे शास्त्र उभं केलं. ऑसमाँ यांनी पोलादाच्या एका रचनेला मार्टेन्साइट आणि दुसरीला सॉर्बाइट अशी माणसांची नावं दिली. रोजच्या एचिंगसाठी एक साधं द्रावणही ठरून गेलं. अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड, त्याचं नाव नायटल. आजही कुठल्याही लॅबमध्ये पहिली बाटली हीच सापडते. साध्या पोलादावर काही सेकंदांत काम होतं.

क्रोमियमच्या पोलादाकडे या काळात लोक अधूनमधून बघत होते, पण चुकीच्या ॲसिडनं. शेफिल्डचेच रॉबर्ट हॅडफिल्ड हे मोठे पोलादशास्त्रज्ञ. त्यांनी १८९२ मध्ये क्रोमियम पोलादाचे तुकडे ५० टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ठेवले. तुकडे खाल्ले गेले. निष्कर्ष निघाला की क्रोमियममुळे पोलाद जास्त झिजतं. प्रयोग खोटा नव्हता. फक्त विचारलेला प्रश्न चुकीचा होता. चमचा काही सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवत नाही कुणी! फ्रान्सच्या लेआँ गिए यांनी १९०४ च्या आसपास आजच्या स्टेनलेसच्या जवळपास जाणारी मिश्रणं केली, त्यांची रचनाही अभ्यासली, पण ती गंजत नाहीत हे काही त्यांनी टिपलं नाही.

मग आला हॅरी ब्रिअर्ली. शेफिल्डचाच. बाप पोलादाच्या भट्टीवर कामगार, घरची गरिबी. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा कारखान्यात लागला, तिथून लॅबमध्ये बाटल्या धुवायला. तिथेच शिकत शिकत १९०८ मध्ये ब्राउन फर्थच्या संशोधन प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. १९१२ मध्ये त्याच्याकडे एक काम आलं. बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात, यावर काही उपाय? त्यानं जास्त क्रोमियमचं पोलाद सुचवलं. १३ ऑगस्ट १९१३ ला एक ताव ओतला गेला, कार्बन ०.२४ टक्के, क्रोमियम १२.८ टक्के.

आता नीट ऐका. रचना बघण्यासाठी तुकडा पॉलिश झाला, त्यावर नेहमीचं द्रावण लावलं. काहीच झालं नाही. चर पडेना, रेघ उमटेना. कडक केलेला तुकडा तर ॲसिडला दादच देईना, आणि नरम केलेला थोडाफार खाल्ला जाई. आमच्या धंद्यात असं झालं की पहिला विचार येतो, द्रावण जुनं झालं, बदला. ब्रिअर्लीच्या डोक्यात वेगळाच विचार आला. हे द्रावण ज्याला खात नाही, त्याला आणखी काय खाणार नाही? त्यानं व्हिनेगर लावून बघितलं, लिंबाचा रस लावून बघितला. चाकूच्या गावात वाढलेला माणूस, त्याला ठाऊक होतं की चाकूचे वैरी हेच. तुकडे तसेच्या तसे राहिले.

म्हणजे बघा, स्टेनलेस स्टील शेफिल्डमध्ये सापडलं ते एका फसलेल्या एचिंगमुळे. जे काम बिघडलं असं वाटत होतं, तीच बातमी होती.

त्याच्या मालकांना चाकूत रस नव्हता. पहिले चाकू करणाऱ्यांनी ते नेहमीसारखे घडवले, ते नीट झाले नाहीत, तेव्हा न कापणाऱ्या चाकूंचा शोध लावणारा म्हणून गावानं ब्रिअर्लीची टिंगल केली. पुढे मोस्ली यांच्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी पाती व्हिनेगरमध्ये तपासून स्टेनलेस हा शब्द वापरला. १९१५ मध्ये ब्रिअर्लीनं मालकांशी वाद होऊन नोकरी सोडली. त्याच सुमारास जर्मनीत एसेनला, क्रुप कंपनीत, बेनो स्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी क्रोमियमबरोबर निकेल घातलेलं पोलाद केलं होतं, त्याचं पेटंट १९१२ चं. त्यांनी त्याला नाव दिलं व्ही२ए. आज आपल्या स्वयंपाकघरातलं स्टील आणि दुधाच्या टाक्या या त्याच कुळातल्या.

आता लॅबवाल्यांपुढे उलटाच पेच आला. ज्या स्टीलचं कामच ॲसिडला दाद न देणं, त्याच्या आतलं बघायचं कसं? स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. खरवडला तरी हवेत लगेच पुन्हा धरतो. तो आधी फोडावा लागतो. मग लोकांनी जहाल द्रावणं शोधली. जर्मनीत हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक ॲसिड मिळून एक द्रावण झालं, त्याचं नाव पडलं व्ही२ए द्रावण. पोलादाचंच नाव त्याला खाणाऱ्या ॲसिडला! दुसरं ग्लिसरेजिया, म्हणजे हीच दोन ॲसिडं ग्लिसरीनमध्ये. हे लागेल तेव्हाच करायचं आणि काम झालं की टाकून द्यायचं. बाटलीत बंद करून ठेवलं तर वायू साठतो आणि बाटली फुटते. लॅबमध्ये नवीन पोरगा आला की मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो. चाकूच्या जातीच्या, कडक होणाऱ्या स्टेनलेससाठी अमेरिकेच्या व्हिलेला यांचं पिक्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं द्रावण. पिक्रिक ॲसिड कोरडं पडलं की स्फोटक, म्हणून ते कायम ओलं ठेवायचं. जपानच्या मुराकामी यांचं द्रावण तर ॲसिडही नाही, ते क्षारीय आहे. त्यानं स्टेनलेसच्या आतल्या वेगवेगळ्या घटकांना वेगवेगळे रंग चढतात.

आणि तिसरा रस्ता विजेचा. तुकडा बॅटरीच्या धन टोकाला जोडायचा, सौम्य द्रावणात बुडवायचा, करंट सोडायचा. जे काम जहाल ॲसिडला जमत नाही ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या किंवा ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणात काही सेकंदांत होतं. किती व्होल्ट, किती वेळ, यावरून काय दिसणार हेही ठरवता येतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, जोडाच्या कडेला भोक का पडतं.

१९२० च्या दशकात ही नवी टाकी-भांडी, पाइप सगळीकडे बसू लागली आणि एक विचित्र तक्रार येऊ लागली. पत्रा शाबूत, वेल्डिंगचा जोड शाबूत, आणि जोडाच्या शेजारची एक पट्टी भुसभुशीत. कारण १९३० च्या सुमारास उलगडलं. क्रुपचे तेच स्ट्राउस आणि त्यांचे सहकारी, नंतर अमेरिकेत एडगर बेन आणि त्यांचे सहकारी, यांनी ते मांडलं. स्टेनलेस साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियसमध्ये रेंगाळलं, की आतला कार्बन कणांच्या सीमेवर जमतो आणि क्रोमियमला धरून क्रोमियम कार्बाइड करतो. कार्बन थोडासाच असतो, पण तो क्रोमियम भरपूर ओढतो. त्यामुळे सीमेलगतच्या पट्टीत क्रोमियम उरत नाही. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या खाली गेलं, की तिथलं स्टील स्टेनलेस राहतच नाही. वेल्डिंगच्या वेळी जोड स्वतः वितळतो, पण त्याच्या शेजारची पट्टी नेमकी या तापमानात येते. पुन्हा पुन्हा वेल्डिंग केलं तर पुन्हा पुन्हा येते. याला म्हणतात सेन्सिटायझेशन. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. चकाकी तीच असते.

उपाय दोन. एक, कार्बनला क्रोमियमपेक्षा जास्त आवडणारा टायटॅनियम किंवा नायोबियम घालायचा. दुसरा, कार्बनच कमी ठेवायचा. ३०४एल मधलं एल म्हणजे तेच, कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के. साध्या ३०४ ला ०.०८ पर्यंत मुभा चालत आली आहे. फरक आकड्यात एवढासा, वेल्डिंग केलेल्या टाकीत जमीन-अस्मानाचा.

पण तपासायचं कसं? एक पद्धत होती तुकडा उकळत्या ६५ टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवायची, ४८ तासांची एक फेरी अशा पाच फेऱ्या. म्हणजे २४० तास, दहा दिवस. कारखान्याला एवढा वेळ कुठला? १९५३ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीतल्या मायकल स्ट्रायकर यांनी एचिंगचाच उपयोग केला. तुकडा पॉलिश करा, १० टक्के ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये धरा, दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर करंट द्या, दीड मिनिट. मग मायक्रोस्कोपखाली बघा. कणांमध्ये नुसत्या पायऱ्या दिसल्या तर स्टील चांगलं. काही ठिकाणी खंदक, पण एकही कण पूर्ण वेढलेला नाही, तरी चालेल. एखादा जरी कण चारही बाजूंनी खंदकानं वेढलेला दिसला, तर मात्र शंका, मग पुढची मोठी चाचणी करा. दहा दिवसांचा निवाडा नाही, पण बहुतेक चांगला माल दीड मिनिटात वेगळा काढता येतो. ही चाचणी पुढे एएसटीएम ए२६२ या मानकात गेली आणि आजही तशीच चालते. जे एचिंग १९१३ मध्ये स्टेनलेसपुढे हरलं होतं, तेच चाळीस वर्षांनी स्टेनलेसची परीक्षा घेऊ लागलं.

आता टाकीकडे परत येऊ.

टाकी कापून लॅबमध्ये नेता येत नव्हती. मग लॅबच टाकीकडे नेली. जोडाच्या शेजारी दोन बोटांएवढी जागा बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरनं घासली, हातातल्या छोट्या मशीनवर डायमंड पेस्टनं आरसा केला. तसाच दुसरा आरसा जोडापासून हातभर लांब. हे महत्त्वाचं आहे, तुलना नसेल तर चित्राला अर्थ नाही. टाकी बॅटरीच्या धन टोकाला, ऋण टोकाला स्टीलची सळी, तिच्या टोकाला ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापूस. दीड मिनिट. धुतलं, वाळवलं. मग ॲसिटोननं मऊ केलेली प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म त्यावर दाबली, वाळल्यावर सोलून काचेवर चिकटवली. धातूच्या पृष्ठभागाचा हुबेहूब छाप. विडमनस्टेटन यांनी उल्केचे ठसे काढले, त्याचाच हा नातू म्हणा.

लांबच्या छापात पायऱ्या होत्या, सीमा स्वच्छ. जोडाच्या शेजारच्या छापात कणामागून कण खंदकानं वेढलेला. गावातल्या पोरांनाही मोबाइलवर फोटो दाखवला, त्यांनाही फरक लगेच कळला. क्लोरीनचे खड्डे वेगळे असतात. ते गोल, खोल, कुठेही, कणांच्या सीमेशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. असे खड्डे टाकीत दोन-चार होतेही, ते मी अहवालात लिहिले, आणि ब्लीचिंग पावडर बंद करा असंही लिहिलं. पण गळती त्या खड्ड्यांतून नव्हती. टाकी नियमाप्रमाणे गरम, सौम्य नायट्रिक ॲसिडनंही धुतली जायची, डेअरीत ते करतातच. चांगल्या ३०४एल ला त्यानं काही होत नाही. पण कणसीमा आधीच पोकळ झालेल्या असतील तर नायट्रिक ॲसिड नेमकं तिथेच शिरतं. उकळत्या नायट्रिकची ती दहा दिवसांची चाचणी इथे तीन वर्षं रोज थोडी थोडी चालू होती.

तळाचा छोटा तुकडा कापून स्पेक्ट्रोमीटरवर कार्बन बघून घेतला. आला ०.०७ टक्के. सर्टिफिकेटवर होता ०.०२५. म्हणजे माल साधा ३०४, कागद ३०४एल चा. त्यावर दोनदा दुरुस्तीचं वेल्डिंग.

पुरवठादारानं चूक कबूल केली नाही, पण तळाचा पत्रा स्वखर्चानं बदलून दिला. संस्थेनं ठराव मागे घेतला. कापलेले पैसे परत द्यायला मात्र आणखी तीन महिने आणि दोन मीटिंगा लागल्या. मामांना मी विचारलं, आता बरं वाटतंय का? म्हणाले, "पैशाचं सोडा साहेब. पण गावात तीन महिने सगळी म्हणत होती, ह्यानं टाकी खाल्ली."

म्हणून ही पोस्ट. आपल्याकडे स्टील ओळखायच्या दोन पद्धतींवर लोकांचा फार विश्वास आहे. एक, चुंबक. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४. असं नाही हो! कमी निकेल आणि जास्त मँगनीजचं २०० मालिकेतलं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि ३०४ चा वाकवलेला कोपरा थोडा चिकटूही शकतो. दुसरी, हातात धरायची एक्स-रे गन. ती चांगली आहे, क्रोमियम-निकेल लगेच सांगते, २०० मालिकेचा माल पकडते. पण तिला कार्बन दिसत नाही. म्हणजे ३०४ आणि ३०४एल मधला फरक, ज्यावर आपली टाकी टिकते, तो तिला कळतच नाही.

तेव्हा संस्था असो, ग्रामपंचायत असो, शाळेचं स्वयंपाकघर असो, वेल्डिंग केलेली स्टीलची वस्तू घेताना निविदेत एवढं लिहून घ्या. ग्रेड ३०४एल. कार्बन स्पेक्ट्रोमीटरवर तपासलेला, ज्या पत्र्याची टाकी त्याच पत्र्याच्या तुकड्यावर. त्याच पत्र्याचा, त्याच वेल्डरनं केलेला एक नमुना जोड, आणि त्यावर ए२६२ प्रमाणे ऑक्झॅलिक एचिंगची चाचणी, फोटोसह. टाकीच्या किमतीच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे. आणि दुरुस्तीची वेळ आलीच, तर त्याच जागी तिसऱ्यांदा वेल्डिंग करण्याआधी एकदा तपासून घ्या.

आणि काही बिघडलंच, तर माणसाला दोष द्यायच्या आधी धातूला विचारा. त्याला दीड मिनिट पुरतं.

कुणाला निविदेच्या मसुद्यात मदत हवी असेल तर सांगा, जमेल तेवढी करीन. पोस्ट आपल्या भागातल्या संस्थांच्या ग्रुपवर पोहोचवलीत तर बरं होईल.